काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) आगीचा सेन्सर: कुठे आणि किती अंशांवर?

सोनेगाव_टॅक्सीवे:
दोन सीटचं किट विमान बांधून राहिलो. इंजिन रोटॅक्स ९१२, १२ व्होल्ट. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीच्या) पुढे आग लागली तर पॅनलवर लाल दिवा आणि बझर हवा. बायमेटल स्विच (ठराविक तापमानाला आपोआप जुळणारा) घेऊ की के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा, तापमानाचा आकडा देणारा)? मे महिन्यात नागपुरात सावलीतच ४५ अंश, उगाच बोंबलणारी यंत्रणा नको. अलार्म किती अंशांवर ठेवू?

गरम_हवा:
तो आकडा तुमचं काउलिंगच सांगेल भाऊ. एकदा रंग बदलला की परत न फिरणाऱ्या तापमानाच्या चिकटपट्ट्या तीन-चार जागी लावा. भर दुपारी इंजिन पुरतं तापवा, बंद करा आणि २० मिनिटं काउल उघडू नका. आतला पारा सगळ्यात जास्त चढतो तो इंजिन थांबल्यावर. हवा खेळायची थांबते, सायलेन्सर मात्र तापलेलाच असतो. येईल त्या आकड्याच्या वर निदान ५०-६० अंश ठेवा.

हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते, ज्वालाही तिकडेच ओढली जाते. एक सेन्सर तिथे, दुसरा कार्ब्युरेटरांच्या मागे फायरवॉलवर, उंचावर. एक्झॉस्टच्या जोडासमोर बसवलात तर जोड गळला तरी ओरडेल. (तेही कळलेलं बरंच म्हणा.)

क्रिम्प_पाना:
मी बायमेटल म्हणेन. २३२ अंशांचा, एरवी उघडा राहणारा, तापला की मिटून दिवा लावणारा. पण फायरवॉलच्या पुढे सोल्डर अजिबात नको! ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं; स्विच मिटायच्या आधी जोडच सुटतो आणि दिवा लागतच नाही. प्लास्टिकचं आवरण नसलेली टर्मिनलं क्रिम्प करा, म्हणजे पान्याने तारेवर दाबून बसवा. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळते ती साधी पीव्हीसी वायर नको, टेफ्लॉनची घ्या, वर फायबरग्लास स्लीव्ह. फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसवायची कडी) जळून भोक उघडं पडतं. स्टीलची नळी, तिच्यावर फायरस्लीव्ह (आग सोसणारी बाही) आणि क्लॅम्प.

१ अँपिअरचा फ्यूज, दिवा, मग तार सगळ्या स्विचांवरून फिरवून परत पॅनलवर आणा. प्रत्येक स्विचचं दुसरं टोक अर्थला. टेस्टचं बटण परत आलेल्या टोकावर, तेही अर्थला. बटण दिव्यापाशीच लावलं तर फक्त दिवा तपासला जातो, तार नाही.

के_टाइप:
थर्मोकपल घेतलंत तर अमेरिकन रंगांत लाल तार ऋण असते, पिवळी धन. उलट जोडली की गरम केल्यावर आकडा खाली जातो. उकळत्या पाण्यात टोक बुडवून बघा, नागपुरात साधारण ९९ दिसायला हवेत. थर्मोकपल वाचायला मॅक्स३१८५५ चिप असेल तर टोक बॉडीला न जोडलेला प्रोब घ्या, नाहीतर ती सतत फॉल्ट दाखवते. आणि मध्येच तांब्याची तार जोडू नका.

गरम_हवा:
एक राहिलंच. दिवा लागला की पेट्रोलचा कॉक आणि इलेक्ट्रिक पंप बंद, केबिन हीटरही बंद. पट्टा आवळलेला असताना कॉकपर्यंत हात पोचतो ना?

सोनेगाव_टॅक्सीवे:
नाही पोचत, सीटच्या मागे आहे. आधी तो पुढे आणतो, मग स्विच मागवतो.