मदत हवी आहे: साडेचार पृथ्व्यांवरून एकीवर यायला किती किलोवॅटचं सोलर लागेल?

अंगणातली_जाई (गुरुवार, सकाळी 9:12)
पर्यावरणीय ठसा मोजायच्या कॅल्क्युलेटरवर आमचा आकडा 4.6 पृथ्व्या आलाय. म्हणजे जगातले सगळे आमच्यासारखे राहिले तर साडेचारहून जास्त पृथ्व्या लागतील. रात्रभर झोप नाही. आमच्याकडे एसी नाही, चारचाकी नाही, बाहेरचं खाणं नाही. वीज महिन्याला 480 युनिट. सोलरवाला 3 किलोवॅट म्हणतोय, शनिवारी ॲडव्हान्स द्यायचाय. आकडा एकाच्या आत आणायला 3 पुरेल की 5 घेऊ? सोलर घ्यावं की नको ही चर्चा नको, ते ठरलंय. कृपया आजच सांगा.

वीजतंत्री (9:40)
माणसं किती? गाव कोणतं? 480 कायम येतात की फक्त उन्हाळ्यात? एसी नसताना 480 खूप झाले. पिठाची गिरणी आहे का घरात? विदा (आकडे) द्या, मग बोलू.

परसबाग (9:58)
सोलरआधी ओला कचरा घरात जिरवा. जुन्या पिंपाला खाली भोकं पाडा, तळाला नारळाच्या शेंड्या, वर रोजचा कचरा आणि त्यावर वाळका पाला. आठवड्यातून एकदा आंबट ताक शिंपडा. मी 6 वर्षं करतेय. बादलीत एक सालही जात नाही.

अंगणातली_जाई (10:15)
कचऱ्याचं विचारलं नव्हतं, पण खत आम्ही करतोच. सातारा, स्वतःचं घर, आम्ही दोघंच. वरती दोन भाडेकरू आहेत, त्यांचे मीटर वेगळे. गिरणी नाही. बिल वर्षभर 450 ते 500. गॅस वर्षाला 8 सिलिंडर, स्कूटीला महिन्याला 10 लिटर पेट्रोल. संपलं. आता सांगा.

कृष्णाकाठ (10:31)
साताऱ्यात राहून काळजी कसली? वनकुसवड्याला पवनचक्क्या, शेजारी कोयना, 1,960 मेगावॅट. तुमची वीज मुळातच स्वच्छ आहे. मी तर विजेचा हिशेबच धरत नाही.

इरई_काठचा (10:52)
हे साफ चूक आहे. वीज एका जाळ्यातून येते, पवनचक्कीतून वेगळी तार तुमच्या घरी येत नाही. महाराष्ट्राची बहुतांश वीज कोळशाची. आमच्या चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी झटकावा लागतो, तेव्हा ती वीज कुठून येते ते कळतं. तुमच्या दिव्याचा धूर आमच्याकडे निघतो.

कृष्णाकाठ (11:03)
मग कोयनेला ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांचं काय? त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून चालू आहेत. प्रत्येक विजेची किंमत कुणीतरी मोजतंच.

इरई_काठचा (11:10)
ते मान्य. पण म्हणून वीज हिशेबातून वगळायची हे मान्य नाही.

हिशेबनीस (11:45)
जाईताई, किलोवॅट आणि पृथ्व्या यांचा थेट भागाकार होत नाही. विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनेगल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात ही पद्धत मांडली. ती जमिनीत मोजते: आपलं धान्य, दूध, लाकूड, घर याला किती जमीन लागते, आणि आपला धूर शोषायला किती जंगल लागेल. जगात माणशी सुमारे दीड ग्लोबल हेक्टर (म्हणजे जगातल्या सरासरी सुपीकतेची हेक्टरभर जमीन) वाट्याला येतं, तेवढ्यात भागलं तर आकडा एक पृथ्वी. भारतीय माणसाची सरासरी त्याच्या आत आहे, अमेरिकेतली त्याच्या कितीतरी पट.
सोलरने फक्त विजेचा वाटा कमी होईल. तुमचा कच्चा हिशेब: युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 480 युनिटचे वर्षाला सुमारे 4 टन, माणशी 2 टन. गॅस किलोला 3 किलो, म्हणजे 8 सिलिंडरचे जेमतेम 340 किलो. पेट्रोल लिटरला 2.3 किलो, वर्षाचे 275 किलो. एवढ्यावर साडेचार पृथ्व्या होत नाहीत. दोन प्रश्न: कॅल्क्युलेटरमध्ये देश कोणता निवडला होता? आणि वर्षात विमानप्रवास किती?

अंगणातली_जाई (12:20)
देश? मुलीने डॅलसहून भरून पाठवलं होतं, मी फक्त उत्तरं सांगितली फोनवर. आत्ता तिला विचारलं, देश अमेरिकाच राहिला होता. विमानाचं लिहिलं नाही कारण ते रोजचं नाही. वर्षातून एकदा आम्ही दोघं जातो तिच्याकडे.

हिशेबनीस (12:34)
सापडलं. देश निवडला की तिथले रस्ते, सरकारी सेवा, विजेची पद्धत असं सगळं हिशेबात धरलं जातं. भारत टाकून पुन्हा भरा. पण डॅलसला जाऊन-येऊन माणशी 2 टनांच्या वर जातात. वर्षभराच्या विजेपेक्षा ते जास्त आहे.

रोखठोक (13:05)
लेकीला भेटायला जाणं हा गुन्हा आहे का? हे माणशी ठशाचं खूळ लोकांच्या गळी उतरवलं बीपी या तेल कंपनीने. 2004 च्या सुमारास त्यांनीच कार्बन फूटप्रिंटचा, म्हणजे आपल्यामुळे किती कार्बन हवेत जातो ते मोजायचा, कॅल्क्युलेटर काढला. तेल काढणारे बाजूला आणि सातारच्या आजीची झोप उडाली. ताई, बंद करा हे.

हिशेबनीस (13:19)
बीपीचं खरं आहे. पण पर्यावरणीय ठशाची पद्धत त्याआधीची आहे, आणि गुन्हा कुणी म्हटलं नाही. ताईंनी आकडा विचारला, खरा आकडा सांगायला नको का?

अंगणातली_जाई (14:02)
आजी म्हटलंत तरी चालेल, पण बंद करा म्हणू नका. 31 वर्षं शाळेत परिसर शिकवला. मला माझा आकडा माहीत असायलाच हवा. भारत टाकून भरलं, आता 2.4 आलंय. तरी दुपटीच्या वर आहोत.

चुलीवरचा_चहा (14:30)
गिझर काढा, बंब आणा. तांब्याचा बंब, दोन शेणी आणि झावळ्या, चौघांच्या अंघोळी होतात. वीज शून्य.

निळीशाई (14:41)
आणि धूर? सासूबाईंचे डोळे बंबापुढे बसून गेले. गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवा, गिझरचे महिन्याला 80-90 युनिट वाचतील.

वीजतंत्री (15:10)
बंब-गिझर नंतर. दोन माणसांना 480 हे मला अजून पटत नाही. ताई, एक करा. मीटरवर इम्पल्सचा आकडा छापलेला असतो, बहुधा 3200. म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. मेन स्विच चालू ठेवा. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. एखादी लुकलुक ठीक. जास्त असेल तर तुमच्या मीटरवर दुसरं काहीतरी चालतंय. भाडेकरूंचा गिझर तर नाही ना?

परसबाग (15:22)
भाडेकरूंना खताचं पिंप वेगळं द्या हं, एकत्र केलं की भांडणं होतात.

अंगणातली_जाई (21:48)
मोजलं. 3200 च आहे. ह्यांनी बॅटरी धरली, मी मोजलं, दोनदा. सगळं बंद असताना मिनिटाला 54.

वीजतंत्री (21:55)
54 गुणिले 60, भागिले 3200. एक किलोवॅट. एक एचपीची मोटर ओढते तेवढं. बोअर आहे का घरी??

अंगणातली_जाई (22:10)
हो, बोअर आहे. ते आमच्याच मीटरवर आहे, ह्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. भाडेकरू आणि मागची दोन घरं तेच पाणी वापरतात. आपली बोअर, आपलं बिल, म्हणून मी ते लिहिलंच नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर मोटर चालू होती आणि गच्चीवरची टाकी भरून पन्हळीतून पाणी गटारात जात होतं. जास्वंदीखाली शेवाळ आलंय एवढं. किती दिवस चाललंय हे कोण जाणे. संध्याकाळी जो पहिला पाणी नाही म्हणतो तो बटण दाबतो, बंद कुणीच करत नाही.

वीजतंत्री (22:24)
रोज 5 तास धरले तरी महिन्याला 150 युनिट. म्हणजे तुमच्या घराचे 330.

हिशेबनीस (22:40)
आणि त्या पाण्यावर माणसं किती? तेवढ्यांत ते 150 वाटून टाका.

अंगणातली_जाई (22:51)
14 माणसं. आमच्या दोघांच्या वाट्याला 21 युनिट येतात. पण वाहून गेलेलं पाणी कुणाच्या नावावर लिहायचं? साताऱ्यात मे महिन्यात काय हाल होतात ते मी पाहिलेत. ते मी माझ्याच नावावर लिहिते.

नवा_सभासद (23:05)
सोलरची सबसिडी किती मिळते? मलाही बसवायचंय.

निळीशाई (23:12)
पीएम सूर्यघर योजनेत घरगुती 2 किलोवॅटला 60,000, 3 किंवा जास्तला 78,000. जाईताई, 5 घेतलं तरी सबसिडी तेवढीच. 1 किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट देतं. मोटर आवरली, पाण्याचा हीटर बसवला, तर तुम्हाला 2 पुरेल.

अंगणातली_जाई (शुक्रवार, सकाळी 8:05)
सोलरवाल्याला शनिवारी येऊ नका म्हणून कळवलं. आधी एक महिना बिल बघते. आज टाकीला आपोआप बंद होणारा फ्लोट स्विच बसवायला माणूस येतोय. मुलीशी बोलले. पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी जायच्याऐवजी ती एकटी इकडे येईल, तेही दीड महिना राहायला. ह्यांना अजून पटलेलं नाही, नातवाला बघायचंय त्यांना. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

वीजतंत्री (8:20)
फ्लोटची वायर उघडी सोडू नका, पाइपमधून घ्यायला सांगा, उन्हाने वर्षभरात तडकते. आणि मीटरवर पुन्हा 54 दिसले तर इथेच लिहा.