एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार): डोळे मिटून उभं करतात ती टेस्ट नेमकी कशासाठी?

प्रश्न: बहिणीला एमएस आहे, दर वेळी न्यूरोलॉजिस्ट तिला पाय जुळवून उभं करतात आणि डोळे मिटायला सांगतात, मग ती डुलायला लागते आणि घाबरते, म्हणजे आजार वाढलाय का?

उत्तर १: ही राँबर्ग टेस्ट. तोल डोळे, आतला कान आणि पायांकडून येणारी जाणीव या तिघांवर चालतो, डोळे मिटले की एक आधार गेला, आणि पायांची खबर मज्जारज्जूतून नीट वर पोचत नसेल तर माणूस डुलतो. डोळे उघडे असतानाही तोल जात असेल तर लहान मेंदूत बिघाड आहे का याचा विचार करतात. एकदा डुलली म्हणून आजार वाढला असं नाही हो, मागच्या तपासणीशी तुलना करूनच ठरवतात.

उत्तर २: मलाही एमएस आहे. टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालायला लावतात ना, ते मला जास्त अवघड जातं. उन्हातून किंवा दमून गेलं की आणखी बिघडतं, तसं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि घरी एकटीने डोळे मिटून करून बघू देऊ नका प्लीज, पडेल.

प्रश्नकर्ती: खूप आभार, तिला आत्ताच वाचून दाखवते.