प्रतिसाद: बारावीनंतर ह्युमन डेव्हलपमेंट

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीला बारावीनंतर बीएस्सी ह्युमन डेव्हलपमेंट घ्यायचंय, तर कसं. हा होम सायन्समधलाच एक विषय, आणि वर एकांनी लिहिलंय की होम सायन्स म्हणजे स्वयंपाक-शिवण, ते मला अजिबात पटत नाही. गर्भापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा घडतो ते यात शिकवतात, पियाजे, एरिकसन, व्हायगॉट्स्की असे मुलांच्या वाढीवर सिद्धांत मांडणारे मानसशास्त्रज्ञ सगळे येतात, शिवाय दिव्यांग मुलं, पालकत्व, आणि मुख्य म्हणजे पुस्तक मिटून बालवाडीत जाऊन तासन्‌तास मुलांचं निरीक्षण करून लिहायचं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं कारण ऐकायची आणि बघायची सवय तिथेच लागते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तर विभागाचीच चेतन बालवाडी आहे. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ, निर्मला निकेतन कॉलेज बघा.

फक्त एक नीट समजून घ्या, पदवीत काउन्सेलिंगची ओळख होते, पण तेवढ्यावर स्वतंत्र काउन्सेलर म्हणून बसू नये. त्यासाठी एमए, एमएस्सी आणि सुपरव्हिजनखाली प्रॅक्टिस हवीच, क्लिनिकल सायकॉलॉजीला जायचं तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) मान्यता असलेला कोर्स लागतो आणि तिथे आधी सायकॉलॉजीची पदवी मागतात का ते आत्ताच तपासा. प्लीज, फी भरायच्या आधी तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस मागून घ्या, प्लेसमेंट कुठे देतात तेही विचारा.