प्रतिसाद: पिएंझाजवळचा व्हिला

इटलीतल्या टस्कनीत, पिएंझा या छोट्या गावाजवळ व्हिला घेऊन राहायचा तुमचा बेत वाचला. त्यावर वर कोणीतरी लिहिलंय, पिएंझाचं कॅथेड्रल पाहिलं की गावाबाहेरचं कोर्सिन्यानोचं चर्च वगळलं तरी चालेल. अजिबात पटलं नाही. उलट वेळ कमी असेल तर कॅथेड्रल उरका, पण हे बघाच. पिएंझाचं मूळ नावच कोर्सिन्यानो. इथे 1405 साली जन्मलेला मुलगा पुढे दुसरा पायस म्हणून पोप झाला आणि 1459 पासून त्याने जन्मगावाचा कायापालट केला. त्याचा बाप्तिस्मा झाला तो या खालच्या जुन्या चर्चमध्ये, कारण तेव्हा पंचक्रोशीतल्या मुलांचे बाप्तिस्मे अशा ठरावीक चर्चमध्येच व्हायचे. ते कुंड अजून आहे. शिवाय गोल मनोरा, आणि दारावर चक्क दोन शेपट्यांची जलपरी! (चर्चच्या दारावर ही बया कशी आली, विचारू नका.) गावातून उतरत चालत जाता येतं, येताना चढ लागतो.

व्हिला घेणार म्हणजे गाडी आलीच. इटलीतल्या बऱ्याच जुन्या गावांच्या वेशीवर 'झेडटीएल'ची, म्हणजे फक्त परवानाधारक गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागाची पाटी असते. परवान्याशिवाय आत शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो. दंड मागाहून घरी येतो, वर भाड्याच्या गाडीवाल्याचं वेगळं शुल्क. गाडी बाहेरच लावा.