आई-वडिलांचा त्वचेचा कर्करोग, उपचार आणि घरातले निर्णय : तुमचे अनुभव

पायवाट
काल चुलतभावाचा फोन. काकूच्या टाचेवरच्या काळ्या डागाची बायोप्सी सांगितलीये आणि तिला सांगायचं की नाही यावर घरात वाद चाललाय. रात्रभर आमचे अण्णाच डोळ्यांपुढे.

अण्णांच्या तळव्याला असाच डाग होता. जन्म अनवाणी रानात गेलेला, म्हणून आधी काटा ठरला, मग कुरूप, मग कुणीतरी बिब्ब्याचा चटका दिला. जांघेत गाठ आली तर आत्या म्हणाली अवधाण आलंय. निघाला मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग, फुप्फुसापर्यंत गेलेला. आपल्याकडे हा उन्हापेक्षा तळव्याला आणि नखांखाली जास्त सापडतो, हे टाटाला गेल्यावर कळलं.

इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कर्करोगावर सोडणाऱ्या इंजेक्शनचा, एकेक डोस लाखाच्या वर. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत मी आणि भाऊ हिशेब मांडून बसलो होतो, कुठलं रान काढायचं. अण्णा शेजारी शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "विहिरीकडचं सोडून काय ते बघा. पण त्या डॉक्टरला आधी विचारा, ऊसतोडीला मी पायावर असंन का." हे विचारायचं आमच्या डोक्यातच नव्हतं. डॉक्टरांनी त्यावरूनच पुढचं सगळं ठरवलं.

तुमच्याकडे कसं झालं? सुचेल तसं लिहा.

मीनल_ठाणे
बिब्बा!! आमच्याकडेही तेच. आईच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती, पार्लरवालीला दिसली पहिल्यांदा. कुकर लावलाय, नंतर येते.

घाटावरचा
गाडगेबाबांच्या धर्मशाळेत खोली मिळते का अजून? मेव्हण्यासाठी हवी आहे. त्याचं तोंडाचं आहे, स्किनचं नाही. सॉरी विषयांतर.

ब्रिस्बेनकर
आमच्या बाबांना जिमी कार्टर तोंडपाठ होता. २०१५ साली मेलानोमा यकृतात, मेंदूत, आणि पेम्ब्रोलिझुमॅब (हेच ते इम्युनोथेरपीचं इंजेक्शन) घेऊन माणूस शंभरी गाठून २०२४ मध्ये गेला. प्रत्येक डॉक्टरला "ते कार्टरचं इंजेक्शन" मागायचे. गाठीतल्या जनुकाची बीआरएएफ चाचणी निगेटिव्ह, म्हणजे त्या जनुकदोषावरच्या गोळ्या बाद, मग इंजेक्शनच सुरू केलं. आधी थायरॉइड बसला, मग असे जुलाब की थांबवावंच लागलं. मी इकडून व्हिडिओवर रडतेय तर म्हणतात, "अगं तो राष्ट्राध्यक्ष, मी पोस्टमास्तर. पार्सल वेगळं येणारच." 😅
इथे शाळेत टोपीशिवाय मुलांना मैदानात सोडत नाहीत, आणि आमचं घरचं निघालं तळपायाला.

वहिनीसाहेब
सासूबाईंना तेच औषध लागू पडलं पण हातावर, गळ्यावर पांढरे डाग आले. डॉक्टर खूश! रोगप्रतिकारशक्ती रंगपेशींवर तुटून पडतेय, मेलानोमात हे बऱ्याचदा चांगलं लक्षण म्हणे. सासूबाई मात्र औषध बंद करा म्हणून हटून बसल्या. "कॅन्सरला लोक भेटायला येतात. कोड दिसलं तर नातीचं लग्न कोण जमवील?" नात तेव्हा दुसरीत 🤦‍♀️ शेवटी लांब बाह्यांची पोलकी शिवून दिली, तेव्हा पुढचा डोस घेतला. शिंपिणीचे उपकार.

अभ्यासू_काका
थोडं वेगळं. आमच्या मातोश्रींचा स्क्वॅमस प्रकार, म्हणजे रंगपेशींचा नाही, कातडीच्या वरच्या थरातला, कमरेवर. नऊवारीचा काच वर्षानुवर्षं एकाच जागी, तिथे आधी काळं पडलं, मग न भरणारी जखम. धोतराच्या काचाने होणाऱ्या अशा कर्करोगावर टाटामधले डॉ. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं आहे. काश्मिरात कांगडीने भाजून पोटावर होतो तोही याच जातीचा. हा वेळेत कापला तर बहुधा निभावतं. मातोश्रींचा उशीर झाला होता.

वहिनीसाहेब
काका, वाचता वाचता परकराची नाडी सैल केली 😄

रानफूल
मी पण 🙈

मीनल_ठाणे
आले. आईचा अंगठा काढला, जांघेतल्या गाठी काढल्या, वर्षात परत. पायावर जखम फुटली. वास इतका की ती स्वतःच म्हणायची दार लावून घ्या. तेव्हा पुण्याला भाऊजींकडे होती, म्हणून वारज्याच्या सिप्ला सेंटरला नेलं, कॅन्सरच्या पेशंटचा त्रास हलका करतात तिथे, तिथे सगळं मोफत. नर्सताईंनी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ड्रेसिंगखाली भुरभुरायला शिकवलं. दोन-चार दिवसांत वास गेला आणि आईने शेजारणींना चहाला बोलावलं!! मॉर्फिनच्या गोळ्यांनी झोप लागायला लागली. नाहीतर सगळ्यांची समजूत, मॉर्फिन म्हणजे शेवटचा दिवस.

अमेरिकेतला दादा फोनवरून रोज नवीन औषध सांगायचा. आई म्हणाली, "ये, आठवडाभर ड्रेसिंग कर, मग तू म्हणशील ते घेते." आला. केलं. नंतर औषधाचं नाव काढलं नाही.

ब्रिस्बेनकर
मीनल, तो दादा म्हणजे मीच गं. मिठी.

पायवाट
काकूला आज सांगितलं. म्हणाली मला रिपोर्ट वाचता येतो, चौथीपर्यंत शिकलेय. आता मुलालाच धीर देतेय.
@घाटावरचा, आधी टाटाच्या समाजसेवा विभागात जा, खोलीचं तेच सांगतील. गेटवर विचारलं की दाखवतात. आणि फाइलच्या झेरॉक्स इथूनच काढून न्या.

घाटावरचा
बरं. आधारच्या पण का?

पायवाट
हो. आणि पिवळ्या रेशनकार्डाच्या.