पावसाळ्यात कॅम्पर घेऊन तोरणमाळ: घाट, चिखल, ओल आणि बॅटरी

तापीकाठचा

राम राम मंडळी. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा रविवार आटोपला की दोन रात्रींसाठी सातपुड्यातल्या तोरणमाळला, यशवंत तलावाकाठी जायचं ठरतंय. गाडी टेम्पो ट्रॅव्हलर, ३३५० मिमी व्हीलबेस, कॅम्पर करून घेतलेली. बदलाची नोंद आरसीवर आहे. माणसं चार: आम्ही दोघं, आई आणि दहा वर्षांचा मुलगा.

सामान असं: १०० लिटर पाण्याची टाकी, १०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर २०० वॅट सोलर, गाडी चालताना बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी चार्जर, ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, ५ किलोचा सिलिंडर, कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून रिकामी करायचा संडास).

निघणार जळगावहून, चोपडा-शिरपूर-शहादा. उन्हाळ्यात या गाडीने अडचण नाही, पण भर पावसात डोंगर आणि वर तलावाकाठी मुक्काम हे पहिल्यांदाच. घाट कसा घ्यायचा, गाडी कुठे लावायची, ऊन नसेल तर बॅटरी दोन रात्री पुरेल का आणि आतली ओल कशी आवरायची, एवढं सांगा.

डिझेलदादा

राम राम भाऊ. शिरपूरपर्यंत काळजीचं काही नाही. शहाद्यात टाकी फुल करा, चाकांची हवा गाडी थंड असताना तपासा, रोख पैसे काढून ठेवा. पुढे म्हसावद, राणीपूर आणि मग चढ. शहाद्यापासून वरपर्यंत पंचावन्न किमीच्या आसपास आहे, पण पावसात दोन तास धरा. राणीपूर दुपारी दोनच्या आत सोडलं तर उजेडात वर पोचता. उशीर झाला तर शहाद्यातच मुक्काम करा, सकाळी चढा. पावसात वर धुकं इतकं उतरतं की संध्याकाळनंतर पांढरी पट्टीसुद्धा दिसत नाही. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा, हाय बीम उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, वळणावर मागच्याला तुमचा इशारा कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, रिसर्क्युलेशन बंद.

धडगावकडून येण्याचा मोह नको. तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट पावसाळ्यात दरडींसाठीच ओळखला जातो आणि लांब गाडीला तिथे मागे वळवायला जागा मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळे चढाची धास्ती घेतात, पण भरलेल्या कॅम्परचा खरा घात उतारावर होतो. सात पायरी घाटात वळणं एकावर एक येतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका, मधे बदलायला जाऊ नका. ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही: जोर देऊन वेग खाली आणायचा, पाय पूर्ण सोडायचा, वेग वाढला की पुन्हा. सतत घासत ठेवलं की लायनर तापतात, पकड जाते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासच. एकदा पाइपात बुडबुडा झाला की पेडल सरळ फळीला टेकतं. दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदलून घ्या.

उतारावर इंजिन बंद किंवा गाडी न्यूट्रल, दोन्ही नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, रिव्हर्स गिअर टाका, मागच्या चाकाला ठोकळा लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका, चिकटतो. पाणी तर मुळीच ओतू नका, ड्रम तडकतो. वीस-पंचवीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल तर निघताना उचलून कडेला टाका, मागून मोटारसायकलवाला येत असतो.

समोरून एसटी आली तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियमच आहे. पण दरीकडच्या साइडपट्टीवर चाक उतरवू नका. पावसात ती आतून पोकळ झालेली असते, वरून कळत नाही. डोंगराच्या बाजूने बारीक खडे घरंगळताना दिसले किंवा कापलेल्या उतारातून अचानक गढूळ पाणी यायला लागलं तर फोटोसाठी तिथे थांबायचं नाही.

आणि फरशी, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. खाली ऊन असलं तरी सातपुड्यात कोसळलेला पाऊस थोड्या वेळाने नाल्याला येतो. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर आहे की घोटाभर, हा हिशोब करत बसू नका, दिशा दाखवणारे दगड झाकले गेले की कड कुठे संपते ते कळत नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. सुखरूप पार झालात तर पुढचे शंभरेक मीटर हळू चालवत ब्रेक हलके दाबा, ओले लायनर सुकतात.

घाटमा घाई चालस नही भो, एवढंच.

मुरूम_बरा

दादांनी रस्ता सांगितला, मी उभं राहण्याचं सांगतो.

तलावाच्या काठाला चिकटून गाडी लावायची नाही, फोटो कितीही चांगला येत असला तरी. एका रात्रीच्या पावसात पाणी चढतं, आणि काठाची हिरवळ म्हणजे खाली लोण्यासारखी माती. मुरूम किंवा डांबर बघा, तलावापासून थोडं वर. जागा पायाने तपासा: टाच जोरात मारून अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर तिथे तीन टनांची गाडी सकाळपर्यंत बसणार. वर जंगल वनखात्याचं आहे, त्यामुळे हद्द कुठे संपते ते तिथल्या नाक्यावर किंवा ग्रामपंचायतीत विचारूनच थांबा. विश्रामगृह किंवा लॉजच्या आवारात पैसे देऊन लावलेली गाडी सगळ्यात निवांत. संडास आणि विजेचा प्रश्नही तिथेच सुटतो.

गाडी लावताना तोंड बाहेरच्या रस्त्याकडे आणि शक्य तर उताराकडे. सकाळी चिखलात रिव्हर्स मारायची वेळ यायला नको. मोठ्या झाडाखाली नको: फांदीची भीती आहेच, शिवाय पाऊस थांबल्यावरही झाड तासभर छतावर टपटप करत राहतं.

सोबत ठेवा: १२ मिमी प्लायचे एक फूट बाय चार फूट असे दोन तुकडे, जॅकखाली ठेवायला एक फूट चौरस जाड फळी (नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो), फावडं, चार गोणपाट, टोइंगचा पट्टा. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर ताबडतोब सोडा. प्रत्येक फेरीला खड्डा खोल होतो आणि डिफरन्शिअल मातीवर टेकलं की ट्रॅक्टरशिवाय पर्याय नाही. माणसं खाली उतरवा, मागच्या चाकांपुढची माती उताराने खोदा, प्लाय किंवा गोणपाट टायरच्या पुढच्या बाजूने आत सारा, मागच्या चाकांची हवा पाव भाग कमी करा, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू काढा. मागे कोणी उभं राहायचं नाही, प्लाय उडून मागे येतो. हवा परत भरायला १२ व्होल्टचा पंप हवा. कमी हवेवर घाट उतरू नका.

वायरमन५४

बॅटरीचा हिशोब करून टाकू. फ्रिज ४५ वॅटचा धरला आणि कॉम्प्रेसर ४० टक्के वेळ चालला तर दिवसाला ४३० वॅट-तास, म्हणजे १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून ३४ एएच. दोन छोटे पंखे रात्रभर १८, दिवे ८, पाण्याचा पंप २, मोबाइल ६. एकूण ६८ एएच रोज.

पहिल्या दिवशी दुपारी चारला पोचून तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालात तर ४० तास, म्हणजे ११३ एएच लागणार. बॅटरीतून बिनधास्त ९० काढा. सोलर उघड्या आभाळात ६० एएच देईल, पण दाट ढगात त्याच्या दहा ते पंचवीस टक्केच. पंधराएक धरा. म्हणजे ८ एएचची तूट. फार नाही, पण फ्रिज दुसऱ्या पहाटे बंद पडेल.

उपाय सोपा आहे. पाण्याच्या दोन बाटल्या घरीच गोठवून फ्रिजमध्ये ठेवा आणि रात्री दहा तास फ्रिज बंद ठेवा. दोन रात्रींचे मिळून २८ एएच वाचतात. किंवा मधल्या दिवशी सीताखाईची दरी बघायला गाडीनेच जाऊन या. ३० अँपिअरचा चार्जर अर्ध्या तासात १५ एएच भरतो. गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन चालवणं टाळा, डिझेल जातं आणि अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर पूर्ण करंट देतही नाही.

लॉजवरून वीज घेणार असाल तर वायर २.५ चौरस मिमी, तीन कोअरची, रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापते. गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच, आणि जोडण्याआधी सॉकेटला अर्थिंग आहे का ते टेस्टरने बघा. पावसात अर्थिंग नसलेली जोडणी म्हणजे अख्खी बॉडी लाइव्ह होण्याची सोय. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी तिथून टपकून जातं, आत जात नाही.

भरीतवाली

ओलीचं मी सांगते. तिचे दोन प्रकार, आणि लोक दोन्हींना गळतीच म्हणतात.

गळती घरीच शोधा. गाडीवर वीस मिनिटं पाइपने पाणी मारा, खालून वर जात. आत एकजण टॉर्च घेऊन बसलेला. आधी वरून मारलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक कुठे ते कळत नाही. संशयित जागा ठरलेल्या: छतावरच्या खिडकीची चौकट, सोलरच्या वायरचं भोक, सोलरच्या पायांचे स्क्रू. पाणी जिथे टपकतं तिथेच शिरतं असं नाही, पत्र्याच्या पन्हळीतून दोन-दोन फूट सरकतं. जुन्या सिलिकॉनवर नवा थर देऊ नका, धरत नाही. खरवडा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावा. वाटेत लागलं तर ब्युटाइल टेप, पण तीही कोरड्या पत्र्यावरच चिकटते, म्हणून कापड आणि स्पिरिट सोबत हवं.

दुसरी ओल आपल्याच श्वासाची. झोपेत एक माणूस पाव लिटरच्या पुढे पाणी हवेत सोडतो. चौघांचं लिटरभर होतं आणि सकाळी खिडक्यांवरून ओघळतं, गाद्यांखाली बुरशी धरते. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करणं हीच चूक. छताची खिडकी दोन बोटं उघडी, वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी तेवढीच उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा. गादीखाली फळ्यांची जाळी किंवा निदान जाड सतरंजी, हवा फिरायला. ओले कपडे आत वाळत घालू नका. दारापाशी टब ठेवा, रेनकोट आणि चपला त्यात. ताडपत्रीचा मांडव बांधलात तर एक कोपरा हातभर खाली, नाहीतर मधे पाणी साचून दांडा वाकतो.

स्वयंपाक कुकरमध्ये, वाफ कमी. खिचडी, शेवभाजीचा मसाला घरून वाटून नेलेला. भरिताची वांगी मात्र गाडीत भाजू नका, धूर पडद्यांत महिनाभर राहतो. बाहेर काड्या ओल्या असणार, तेव्हा घरीच भाजून, सोलून डब्यात न्या आणि वर फक्त फोडणी द्या. कळण्याच्या भाकरी दुसऱ्या दिवशीही चालतात.

भांड्यांचं साबणाचं पाणी टाकीत किंवा बादलीत, तलावात नाही, काठावरही नाही. कॅसेट रिकामं करायचं ते विश्रामगृहाच्या किंवा लॉजच्या संडासात, विचारून. उघड्यावर किंवा नाल्यात ओतलं की पावसाबरोबर सरळ तलावात जातं.

तापीकाठचा

मंडळी, खूप धन्यवाद. ब्रेक ऑइल उद्याच बदलतो. दोन गोष्टी राहिल्या. सिलिंडर मागच्या दाराजवळच्या पेटीत आहे, तो पावसात तिथेच ठेवू की आत? आणि घाट बंदच असला तर?

डिझेलदादा

पेटीतच. आत मुळीच नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरतो, म्हणून पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं. पावसात तेच चाकाच्या चिखलाने बुजतं, रोज काडीने साफ करा. गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद. नळीवरची तारीख बघा, मुदत संपली असेल तर बदला. रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचा फेस लावून तपासा. थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घाट बंद असेल तर ते शहाद्यातच कळेल, म्हसावदला पुन्हा विचारा. मग हट्ट न करता मागे फिरा: शिरपूर-चोपड्याच्या मधे अनेर धरण आहे, नाहीतर सरळ रावेरकडे पाल आणि सुकी धरण. दोन्हीकडे डोंगर आहे, पाणी आहे. तुमच्यासाठी पाल बरं, तिथून जळगाव जवळ पडतं.

मुरूम_बरा

पालला गेलात तरी प्लाय घेऊन जा. धरणाच्या काठची माती त्याच जातीची.