भोपळ्याचं फळ धरत नाही: नर-मादी फुलं आधी ओळखा
वेलावर फुलं ढीगभर, पण भोपळा एकही नाही, आणि वर तुम्ही युरिया टाकताय. तो आधी थांबवा, नुसता पाला माजतो त्याने.

आता फुलाच्या मागे बघा. इवलासा भोपळा दिसला तर मादी, नुसताच लांब देठ असेल तर नर. सुरुवातीला बहुतेक नरच येतात, तेव्हा गळाली म्हणून घाबरू नका. मादी फूल उमललं की त्याच सकाळी, ९ च्या आत, ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि पिवळे पराग मादीच्या मधल्या भागावर सगळीकडून हलकेच चोळा. दोन-तीन नर वापरले तर आणखी बरं. दुपारपर्यंत फूल मिटतं, मग उपयोग नाही. (दुधीचं मात्र उलट, तो संध्याकाळी फुलतो!)